बारा तासांच्या गावांमधून

पहिला दिवस, गुरुवार : पिट्सबर्ग

"मावशी, नायगरा की न्यूयॉर्क?" भाच्याने विमानतळावरच विचारलं. मी म्हटलं, मला होमस्टेडला ने. तो गाडी चालवता चालवता हसायलाच लागला. पाच वर्षं या गावात राहतोय, पण होमस्टेड म्हणजे त्याच्या लेखी सिनेमा बघायची आणि पार्किंग फुकट मिळण्याची जागा. त्याला दोष कसा देणार? आमच्या लालबागच्या गिरण्यांच्या जागेवर आज जे मॉल आहेत, तिथे जाणाऱ्या पोरांनाही खालची जमीन कुणाची होती हे कुठे माहीत असतं.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. घरातलं सगळं त्यांच्या पाळीवर चालायचं: जेवण, झोप, आमचं मोठ्याने बोलणं. खरं तर मोठ्याने बोलावंच लागायचं, कारण साच्यांच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला होता. पुढे मी बँकेत लागले, युनियनचं काम केलं, आणि एका अभ्यासवर्गात 'होमस्टेड, १८९२' हे पोलाद कामगारांच्या लढ्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. निवृत्तीनंतर सात दिवस हाताशी आले, तर ते याच नावासाठी खर्चायचे हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी माउंट वॉशिंग्टनवर गेलो. डोंगरावर रुळांवरून ओढत नेणारी ही डब्याची गाडी १८७० पासून चालू आहे. आता ती पर्यटकांची मौज. मुळात ती कामगारांसाठी होती: घरं वर टेकडीवर, कारखाने खाली नदीकाठी, आणि रोजची ती चढण. वरून दिसतं ते दृश्य मात्र देखणं. डावीकडून अ‍ॅलेघेनी येते, उजवीकडून मोनोंगाहेला (इथले लोक नुसतं 'मॉन' म्हणतात), आणि दोघींची मिळून ओहायो होते. १८६८ मध्ये एका लेखकाने इथल्या टेकडीवरून रात्री खाली पाहिलं आणि 'झाकण काढलेला नरक' असं लिहून ठेवलं. आज खाली झाडं आहेत, काचेच्या इमारती आहेत आणि होड्या आहेत. ज्या टेकडीवर आम्ही उभे होतो तिचं जुनं नाव 'कोल हिल', म्हणजे कोळशाची टेकडी. पायाखाली कोळसा, समोर वाहतुकीला नद्या, दक्षिणेला कॉनल्सव्हिलचा उत्तम कोक (भट्टीसाठी भाजलेला कोळसा), आणि सुपीरियर सरोवराकडून येणारं लोहखनिज. पोलाद इथे का वितळलं, हे या कठड्यापाशी उभं राहिलं की नकाशाशिवाय कळतं.

दुसरा दिवस, शुक्रवार : होमस्टेड

भाच्याचं काम घरून असतं. तो लॅपटॉप घेऊन कॉफीच्या दुकानात बसला आणि मला म्हणाला, "तू फिर, मी इथेच आहे."

आधी मॉलमधून चालावं लागतं. दुकानं, हॉटेलं, सिनेमाघर. मध्येच, एका बाजूला बारा चिमण्या ओळीने उभ्या. विटांच्या, उंच, आणि एकीचाही कशाशी संबंध उरलेला नाही. १९८६ मध्ये कारखाना बंद झाला, सगळं पाडलं, या बारा ठेवल्या. परळलाही अशीच चिमणी ठेवतात. चिमणी ठेवली की इतिहास जपला असं मानायची पद्धत जगभर एकच दिसते.

त्या मॉलच्या वरच्या टोकाला, नदीकाठी, 'पंप हाउस' नावाची विटांची बैठी इमारत आहे. समोरून सायकलींची वाट जाते. हीच ती जागा.

गोष्ट अशी. अँड्र्यू कार्नेगी १८४८ मध्ये स्कॉटलंडमधून आई-बापाबरोबर इथे आला, कापडगिरणीत बॉबिन भरायला लागला, आठवड्याला १ डॉलर २० सेंट. (बॉबिनवाला पोर! लालबागमध्ये जन्मता तर आमच्याच चाळीत राहिला असता.) १८९२ पर्यंत तो पोलादाचा राजा होता. होमस्टेडच्या सुमारे ३,८०० कामगारांपैकी ७५०-८०० कुशल कामगार युनियनचे सभासद, आणि त्यांचा करार ३० जूनला संपत होता. त्यांची मजुरी पोलादाच्या बाजारभावाशी बांधलेली असे; भाव एका मर्यादेखाली पडला तरी मजुरी त्यापुढे घसरायची नाही. ती मर्यादा कंपनीला टनामागे २५ डॉलरवरून २२ वर आणायची होती. घासाघीस होता होता कंपनी २३ वर आली, युनियन २४ वर. एका डॉलरचं अंतर. पण डॉलर हा बहाणा होता. कारखान्यात युनियनच नको होती. कार्नेगी स्कॉटलंडला सुट्टीवर निघून गेला आणि कारभार त्याचा भागीदार हेन्री फ्रिक याच्याकडे राहिला. हाच कार्नेगी १८८६ मध्ये मासिकात लेख लिहून कामगारांच्या संघटनेच्या हक्काचं समर्थन करून बसला होता. लेख लिहिणारा मालक जास्त सांभाळून घ्यावा, असं माझं बँकेतल्या अनुभवावरून मत आहे.

फ्रिकने कारखान्याभोवती तीन मैलांचं लाकडी कुंपण घातलं, वर काटेरी तार, मधून भोकं. कामगारांनी त्याला 'फोर्ट फ्रिक' नाव दिलं. मग टाळेबंदी. आणि ६ जुलैच्या पहाटे, चारच्या सुमारास, पिंकर्टनची ३०० माणसं दोन बार्जमध्ये (सपाट मालवाहू होड्यांत) भरून नदीतून इथे आणली गेली. पिंकर्टन म्हणजे संप फोडायला भाड्याने मिळणारी खासगी फौज. गावाला खबर आधीच लागली होती. कारखान्याचा भोंगा वाजला आणि बाया-पोरांसकट सगळं गाव या उतारावर धावलं.

मी उतारापाशी बराच वेळ उभी राहिले. काठ चांगलाच चढाचा आहे. वर असलेल्याला खाली बार्जमधला माणूस म्हणजे टोपलीतला मासा. दिवसभर गोळ्या चालल्या. वरून डायनामाइट फेकलं, तेलाने पेटवलेला तराफा बार्जवर सोडला. संध्याकाळी पाचच्या सुमारास पिंकर्टनवाले शरण आले, आणि मग वरच्या गर्दीने, विशेषतः बायकांनी, त्यांना दोन रांगांमधून बडवत नेलं. सात कामगार आणि तीन पिंकर्टन मेले असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. कामगार ती लढाई जिंकले, आणि सहा दिवसांनी गव्हर्नरने ८,५०० सैनिक गावात उतरवले. नोव्हेंबरमध्ये युनियनने हार मानली. पुढाऱ्यांवर खुनाचे आणि थेट राजद्रोहाचे खटले भरले. ज्यूरीने कुणालाच दोषी धरलं नाही, पण काळ्या यादीतून नाव कुठे पुसलं जातं? या पोलादात युनियन परत यायला १९३७ उजाडलं.

दुपारी टेकडी चढून कार्नेगीने दिलेल्या वाचनालयात गेले. १८९८ चं, राजवाड्यासारखं. पुस्तकं, गाण्याचं सभागृह, पोहण्याचा तलावसुद्धा. तलाव अजून चालू आहे, क्लोरीनचा वास जिन्यापर्यंत येतो. वाचनालयात गार हवा, जाड टेबलं, दोन म्हातारे पेपर वाचत होते. मीही बसले. कामगारांची तेव्हाची तक्रार या खुर्चीत बसूनच नीट समजते: बारा तासांची पाळी करून आलेला माणूस वाचणार काय आणि पोहणार कधी? आठवड्याची पाळी दिवसाची, पुढच्या आठवड्याची रात्रीची. आणि अदलाबदलीच्या रविवारी एक तुकडी सलग चोवीस तास भट्टीवर. तिला म्हणायचे 'लाँग टर्न'. वडिलांनी डबल पाळी केलेल्या दिवशी ते जेवताना ताटावरच पेंगायचे, ते आठवलं. तरी ती सोळा तासांची.

तिसरा दिवस, शनिवार : कॅरी फर्नेस आणि ब्रॅडॉक

नदीच्या पलीकडे कॅरी फर्नेस. १९०७ च्या दोन झोतभट्ट्या गंजून उभ्या आहेत, ९२ फूट उंच, आणि शनिवारी माणसं बरोबर घेऊन दाखवतात. आमचा वाटाड्या सत्तरीतला, या खोऱ्यातल्याच कारखान्यात काम केलेला. डोक्याला हेल्मेट, तोंडात विनोद.

वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकायची, खालून तापवलेल्या हवेचा झोत मारायचा, आणि काही तासांनी तळाचं मातीचं बूच फोडायचं. लोखंड पाण्यासारखं धावत येतं. ओतशाळेच्या जमिनीत त्याच्यासाठी पाट काढलेले आहेत, शेतात पाण्याला काढतो तसे. वाटाड्याने एका पाटाच्या वळणावर बूट ठेवला आणि म्हणाला, इथे फळी टाकून वळवायचं, आणि वाळू ओली राहिली असेल तर देवाचं नाव घ्यायचं. ओल्या वाळूवर वितळलेलं लोखंड पडलं की वाफेचा स्फोट होतो. मी वाकून बघितलं. पाटाच्या कडेला लोखंडाचा एक शिंतोडा गोठून चिकटलेला होता, बिडाच्या तव्याच्या रंगाचा, थेट अश्रूच्या आकाराचा. बोट लावलं तर हाताला गंज आला.

आवारात हरणाचं एक अवाढव्य डोकं आहे. बंद पडलेल्या कारखान्यात शिरून काही कलाकारांनी नव्वदच्या दशकात तिथल्याच नळ्या आणि तारा वाकवून ते केलं. सगळे त्याचेच फोटो काढत होते. मीही काढला.

तिथून ब्रॅडॉक जवळच. इथला एडगर थॉमसन कारखाना १८७५ मध्ये सुरू झाला आणि आजही धूर सोडतो. गाव मात्र अर्धं रिकामं. त्यात कार्नेगीचं अमेरिकेतलं पहिलं वाचनालय, १८८९ चं, तळघरात कामगारांना अंघोळीची सोय असलेलं.

आणि इथे मला जे कळलं त्याने मी दिवसभर अस्वस्थ होते. या कारखान्याचा प्रमुख होता कॅप्टन बिल जोन्स. यंत्रातला जादूगार आणि तोंडाचा फटकळ. त्याचं म्हणणं, हाडामांसाच्या माणसाला सलग बारा तास हे काम झेपत नाही. म्हणून त्याने आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या. १८७९ च्या आसपासची गोष्ट! कारखाना काही बुडाला नाही, उलट उत्पादनाचे उच्चांक करत राहिला. पण इतर मालक बारा तासच घेत होते, त्यामुळे १८८८ मध्ये कार्नेगीने टाळेबंदी करून, पिंकर्टन आणून, बारा तास परत लादले. पुढच्याच वर्षी वाचनालय उघडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भट्टीच्या स्फोटात जोन्स मेला. म्हणजे आठ तास जमत नाहीत असं नव्हतं. जमलेले काढून घेतले. अमेरिकेच्या पोलादात ते परत आले १९२३ मध्ये.

आपल्याकडची एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. जमशेटजी टाटा १९०२ मध्ये याच पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी नावाच्या इंजिनिअरला भेटायला आले होते. केनेडी पूर्वी होमस्टेडचा कारखाना चालवत असे. पुढे टाटांचा साकचीचा (आजच्या जमशेदपूरचा) कारखाना उभा राहिला, आणि तिथे आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये लागू झाला. पिट्सबर्गच्या अकरा वर्षं आधी. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, हे ऑफिसात सांगायला मस्त आहे."

चौथा दिवस, रविवार : जॉन्सटाउन

सत्तर मैल पूर्वेला. आधी साउथ फोर्कला थांबलो, जिथे धरण होतं. धरण म्हणजे मातीचा बांध, ७२ फूट उंच. आज दोन्ही बाजूंचे खांदे शिल्लक आहेत आणि मध्ये मोठी खिंड. त्या खिंडीतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. तलाव होता तिथे गवत डुलतंय.

तलाव पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या क्लबचा होता: मासेमारी, होड्या, उन्हाळ्यातले बंगले. फ्रिक सभासद, कार्नेगी सभासद, बँकवाला मेलन सभासद. बांधातले पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने भंगारात विकले होते. ते परत बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा खाली उतरवला. आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात त्या जाळ्यांत कचरा अडकला. दुपारी बांध फुटला, आणि १४ मैल खाली पोलादाच्या गावात पाणी तासाभरात पोचलं. २,२०९ माणसं गेली. ९९ कुटुंबं अशी की मागे नाव घ्यायला कुणी उरलं नाही. वाटेत तारेचा कारखाना होता, त्याची काटेरी तार वाहत आली. घरं, झाडं, इंजिनं आणि माणसं त्या तारेत गुरफटून दगडी पुलाला अडकली, आणि वर त्या ढिगाऱ्याला आग लागली.

माझी एक मैत्रीण पुण्याची, १९६१ च्या पानशेतच्या पुरात घर गेलेली. ती पाण्याबद्दल बोलत नाही, चिखलाच्या वासाबद्दल बोलते. संग्रहालयात एका भिंतीवर मोडतोडीचा देखावा केलाय, त्यात तारा आणि लाकडं आहेत, पण वास नाही.

क्लबकडून कोर्टात कुणाला एक पैसा मिळाला नाही. देवाची करणी, असं ठरलं. मदतीला धावून आलेल्यांत ब्रॅडॉकचा बिल जोन्स होता, कारखान्यातली ३०० माणसं बरोबर घेऊन. कार्नेगीने गावाला नवं वाचनालय बांधून दिलं. संग्रहालय त्याच इमारतीत आहे.

वरच्या कब्रस्तानात ओळख न पटलेल्यांसाठी ७७७ पांढरे दगड आहेत, कोऱ्या पाट्यांसारखे. मोजायला लागले होते, पन्नासच्या पुढे सोडून दिलं.

पाचवा दिवस, सोमवार : सुट्टी

आज इथला कामगार दिन. जग १ मेला पाळतं, आणि आपल्या महाराष्ट्रात त्याच दिवशी महाराष्ट्र दिन असल्यामुळे दुहेरी सुट्टी. पण ज्या देशात १ मे घडला तिथे सप्टेंबरचा पहिला सोमवार. का, ते उद्या पुलमनमध्ये.

सकाळी मिरवणूक बघितली. प्लंबर, वीजतंत्री, पोलाद कामगार, परिचारिका, सगळे आपापल्या युनियनच्या टी-शर्टात, पोरं खांद्यावर. ग्रँट स्ट्रीटवर फ्रिकची इमारत आहे, १९०२ ची. कार्नेगीशी भांडण झाल्यावर त्याच्या इमारतीवर सावली पडावी म्हणून शेजारी मुद्दाम उंच बांधली, असं सांगतात. कार्नेगीची इमारत पाडली गेली, सावली कुणावर पडते आता कोण जाणे. तिच्याखालून आज कामगार ढोल वाजवत गेले.

भाचा मात्र मिरवणुकीत फोन कानाला लावून. भारतातल्या टीमला आज सुट्टी नाही.

दुपारी पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात जाऊन चिंचेचा भात खाल्ला. १९७६ पासूनचं मंदिर, टेकडीवर पांढरं शुभ्र. रात्री बाराच्या सुमाराची शिकागोची गाडी होती, ती दीड तास उशिरा आली. शयनयानाचं तिकीट परवडण्यासारखं नव्हतं. खुर्चीतच मान वाकडी करून झोपले.

सहावा दिवस, मंगळवार : पुलमन

मान धरलेली असताना पुलमनला जावं, ही एक गंमतच. झोपायच्या आलिशान डब्यांचा हा कारखाना. जॉर्ज पुलमनने १८८० पासून शिकागोच्या दक्षिणेला कारखान्यासोबत अख्खं गाव वसवलं: विटांची देखणी घरं, बाग, बाजार, हॉटेल, आणि मध्ये घड्याळाचा मनोरा. मनोऱ्याच्या इमारतीत आता राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे. गल्ल्यांतून फिरताना मला पहिला विचार आला, अरे, किती छान! नळ, गटार, खिडकीतून उजेड. आमच्या चाळीत सामायिक नळावर भांडण झालं नाही असा दिवस नव्हता.

दुसरा विचार यायला थोडं पुढे चालावं लागलं. घर विकत मिळायचं नाही, फक्त भाड्याने. वाचनालयाला फी. हिरव्या दगडाचं चर्च बांधलं, पण तेही भाड्यानेच. भाडं इतकं की वर्षानुवर्षं एकाही पंथाला परवडलं नाही, देवळात देव नाही अशी गत. दारूचा बार एकच, मुलीच्या नावाच्या 'फ्लोरेन्स' हॉटेलात, मोठ्या लोकांसाठी. १८९३ च्या मंदीत पुलमनने मजुरी सरासरी पाव हिस्सा कापली, भाडं होतं तेवढंच. पगारातून भाडं वळतं झाल्यावर काहींच्या हाती नुसते सेंट यायचे.

मे १८९४ मध्ये काम बंद. जूनअखेर युजीन डेब्सच्या रेल्वे युनियनने ठरवलं की पुलमनचा डबा जोडलेली गाडी हलवायची नाही. सुमारे अडीच लाख कामगार, २७ राज्यं. अध्यक्ष क्लीव्हलंडने टपाल अडतंय या कारणावरून फौज पाठवली, डेब्स सहा महिने तुरुंगात गेला. आणि याच धामधुमीत, २८ जून १८९४ ला, क्लीव्हलंडने कामगार दिनाच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली. सुट्टी सप्टेंबरची. मे महिन्याला शिकागोच्या रक्ताचा वास होता ना.

पुलमन १८९७ मध्ये गेला. शव कुणी उकरून काढू नये म्हणून शिसं लावलेली पेटी, वर काँक्रीट, वर रूळ. संपात काळ्या कामगारांना डेब्सच्या युनियनने सभासदच करून घेतलं नव्हतं, हे इथल्या फलकांवर स्पष्ट लिहिलंय, ते मला आवडलं. त्याच डब्यांत बिछाने घालणाऱ्या काळ्या पोर्टरना प्रवासी सर्रास 'जॉर्ज' म्हणत, मालकाच्या नावाने. त्यांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली स्वतःची युनियन काढली, आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली.

सातवा दिवस, बुधवार : हेमार्केट, वॉल्डहाइम

हेमार्केटच्या जागेवर आता एक गाडाच उरलाय, लालसर धातूचा, २००४ मध्ये केलेला. ४ मे १८८६ च्या रात्री अशाच गाड्यावर उभं राहून भाषणं चालली होती. १ मेपासून देशभर आठ तासांसाठी संप सुरू होता. ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या कारखान्यापाशी पोलिसांनी कामगारांवर गोळ्या घातल्या, त्याच्या निषेधाची ही सभा. पाऊस येतोसं वाटून गर्दी पांगत होती, तेवढ्यात पोलीस आले आणि कुणीतरी बॉम्ब फेकला. सात पोलीस गेले, कामगारही गेले. बॉम्ब कुणाचा हे कधीच कळलं नाही. आठ जणांना दोषी ठरवलं, चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्डने, खटलाच अन्यायाचा होता असं बजावून, सोडलं. पाचव्याने, लिंगने, फाशीच्या आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला होता.

पोलिसांचाही एक पुतळा इथे होता. १९६९ आणि १९७० मध्ये तो बॉम्बने उडवला, शेवटी उचलून पोलीस मुख्यालयात नेला.

निळ्या लाइनने शेवटच्या स्टेशनापर्यंत, मग चालत वॉल्डहाइमचं कब्रस्तान. हुतात्म्यांचं स्मारक आत बरंच आहे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक बाई, तिच्या पायाशी पडलेला कामगार, ती त्याच्या डोक्यावर हाताने पानांचा मुकुट ठेवतेय. नजर त्याच्याकडे नाही, समोर आहे. खाली ऑगस्ट स्पाइसचे फासावरचे शब्द: असा दिवस येईल जेव्हा आमचं मौन, आज तुम्ही दाबत असलेल्या आवाजांपेक्षा बलवान ठरेल. पायरीवर लोकांनी नाणी, दगड, युनियनचे बिल्ले ठेवले होते. वाळलेला एक गुलाबही होता.

१८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवत होते. १० जूनला मिळाली. माझ्या आजोबांच्या वाट्याला आलेला रविवार तोच. मी तो पायरीवर बसून, डबा उघडून, भाचेसुनेने दिलेल्या थालीपिठाबरोबर आठवला.

फाशी गेलेल्या अल्बर्ट पार्सन्सची बायको ल्यूसी जवळच आहे, जमिनीलगतच्या छोट्या दगडाखाली. कडेने गवत वर आलं होतं. पायाने सारलं, मग बरं वाटेना म्हणून खाली बसून हाताने काढलं.

परत निघाले तर दाराशी एक पोरगी, पाठीवर सॅक, हातात फोन, हुतात्म्यांचं स्मारक कुठे म्हणून विचारत होती. फोनवर रस्ता नीट दिसत नव्हता. मी गाडीच्या तिकिटाच्या मागे तिला आकृती काढून दिली: दार, वळण, मोठं झाड, बाई.